वाचलेले नाव, ओळखलेले गाव

भर समुद्रातले जहाज आपला ठावठिकाणा अंकांनी सांगते. दुपारी सूर्य माथ्यावर आला की अक्षांश-रेखांश काढायचे आणि वारा, वायुभार, तापमान यांच्या नोंदींशेजारी ते लॉगबुकात मांडायचे, अशी नौकानयनाची जुनी शिस्त आहे. जहाज किनाऱ्याला लागून नांगर पडला की मात्र या अंकांची निकड उरत नाही. नोंद करणारा अधिकारी तिथे केवळ बंदराचे नाव लिहितो. ते नाव त्याने ऐकलेले असते तसे, किंवा त्याच्याजवळच्या नकाशावर छापलेले असते तसे, तो उतरवतो. ते कोणाला कळणार नाही अशी शंका त्याच्या मनात येण्याचे कारणही नसते. शंभर-दोनशे वर्षांनी तेच पान दुसऱ्या कोणाच्या हाती येते, तेव्हा अंक पूर्वीइतकेच स्पष्ट बोलतात; नाव मात्र कित्येकदा मुके झालेले असते.

२०१० साली इंग्लंडमध्ये ‘ओल्ड वेदर’ या नावाने एक उपक्रम सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश आरमारी जहाजांच्या लॉगबुकांची छायाचित्रित पाने सर्वसामान्य स्वयंसेवकांपुढे ठेवायची आणि त्यांच्याकडून त्यांतील हवामानाच्या नोंदींची नक्कल करून घ्यायची, असे त्याचे स्वरूप होते. पृथ्वीच्या हवामानाचा इतिहास मांडणाऱ्या शास्त्रज्ञांना त्या जुन्या नोंदी हव्या होत्या. परंतु वायुभाराचा आकडा कितीही अचूक असला तरी तो कोणत्या ठिकाणचा हे ठाऊक नसेल, तर त्याचा उपयोग नाही. अमॉय म्हणजे आजचे श्यामेन, बटाव्हिया म्हणजे जकार्ता, हे सहज सापडते. एखाद्या नदीकाठच्या लहानशा थांब्याचे, घाईत लिहिलेले, अर्धवट पुसलेले नाव असे सहज सापडत नाही. ते चुकीच्या ठिकाणाशी जोडले गेले, तर एका किनाऱ्यावरचे वादळ दुसऱ्या किनाऱ्याच्या नावावर जमा होते.

नक्कल करणाऱ्याच्या हातून येथे दोन निरनिराळी कामे घडतात. पानावर कोणती अक्षरे आहेत हे तो सांगतो, हे वाचन. ती अक्षरे कोणत्या गावाची आहेत हेही तो सांगतो, ही स्थलनिश्चिती. पहिले काम साक्षीदाराचे आहे आणि दुसरे न्यायाधीशाचे. व्यवहारात ही दोन्ही कामे एकाच बैठकीत, एकाच लेखणीने होत असल्यामुळे त्यांच्यातील सीमारेषा पुसट होते. ही रेषा जपणे हा केवळ कार्यपद्धतीचा भाग आहे, की त्यात काही नैतिक कर्तव्य गुंतलेले आहे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आपल्याकडील जुन्या लहियांनी या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले होते. पोथीच्या अखेरीस ते नम्रपणे नमूद करीत की, पुढ्यात जसे होते तसे उतरवले आहे. शुद्ध असो वा अशुद्ध, दोष लिहिणाऱ्याला देऊ नये. या भूमिकेत प्रामाणिकपणा आहे आणि तिच्यामुळे कित्येक ग्रंथांचे मूळ रूप टिकून राहिले, हेही खरे. तथापि या उत्तराने प्रश्न पूर्णपणे मिटत नाही. अक्षर संदिग्ध असते तेव्हा ‘जसे होते तसे’ म्हणजे काय, हे ठरवावेच लागते. आणि ठरवणे आले की जबाबदारीही आली. शिवाय लहिया ज्या मूळ प्रतीवर भार टाकतो ती कालांतराने नष्ट होते. मग ज्याने दोष नाकारला त्याचीच प्रत पुढच्या पिढ्यांसाठी मूळ होऊन बसते.

कोकणच्या किनाऱ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत या किनाऱ्यावरील बंदरांची माळच दिलेली आहे. सुप्पारा, कल्लिएना, सेमुल्ला ही नावे अनुक्रमे सोपारा, कल्याण आणि चौल यांची, याविषयी फारसा मतभेद नाही. त्यापुढची मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगरा ही नावे मात्र अभ्यासकांना आजवर झुलवत आली आहेत. मेलिझैगरा म्हणजे जयगड, असे ध्वनिसाम्यावरून सुचवले गेले. अन्य बंदरांचे दावेही पुढे आले. ‘झैगरा’ आणि ‘जयगड’ यांचे साम्य कानाला मोह पाडते हे खरे. परंतु जयगडचा किल्ला त्या ग्रीक लेखकाच्या कित्येक शतकांनंतरचा आहे, आणि जे नाव गडाबरोबर आले ते गडाच्या आधी कसे असेल, ही शंका उरतेच. त्यातच या ग्रंथाचा सारा आधार दहाव्या शतकातील एका हस्तलिखितावर आहे. मूळ लेखन आणि उपलब्ध प्रत यांच्यात सुमारे नऊ शतकांचे अंतर पडलेले. ज्या लहियाने ती प्रत केली त्याने कोकण पाहिलेले असण्याचा संभव नाही. त्याच्या लेखणीतून एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल, तर एक बंदर कायमचे हरवले असेल.

ध्वनिसाम्याचा मोह किती फसवा असू शकतो हे इंग्रजांच्या अठराव्या शतकातील कागदपत्रांतून अधिक स्पष्ट दिसते. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग हा आंग्र्यांचा जलदुर्ग घेतला. इंग्रजी कागदांत या किल्ल्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’ असे येते. इंग्लंडमधील सेव्हर्न नदीचे नाव त्या कानांना परिचित होते आणि परिचित नाद अनोळखी शब्दावर सहज बसतो. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या एका टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ जो मनोरा बांधला, त्यालाही हेच नाव मिळाले. पुढे १७९१ च्या डिसेंबरमध्ये, टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या युद्धात, लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने बेंगळूरच्या पश्चिमेचा सावनदुर्ग हा डोंगरी किल्ला सर केला. त्याचे नावही इंग्रजी लेखनात सॅव्हनड्रूग, सेव्हर्नड्रूग अशा एकमेकांत मिसळणाऱ्या रूपांत येते. एक किल्ला लाटांनी वेढलेला, दुसरा समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या पठारावरचा प्रचंड खडक. आणि दोघांचा इंग्रजी वेष जवळजवळ एकच. केवळ शब्दाकडे पाहणारा वाचक येथे हमखास फसेल. पानावरचे वर्ष, लिहिणाऱ्याचा हुद्दा, आजूबाजूच्या ओळींतील भरती-ओहोटीचा किंवा बैलांच्या तांड्यांचा उल्लेख, यांच्याकडे पाहिल्यावरच कोणता किल्ला अभिप्रेत आहे हे कळते. नावाची ओळख नावाच्या शेजाराने पटते, असे म्हणण्यास हरकत नाही.

सावनदुर्गाजवळचे बेंगळूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले शहर आहे. तिथे लॉगबुके नाहीत. परंतु लॉगबुकाच्या पानावर उभा राहतो तोच प्रश्न तिथे दगडावर उभा आहे. शहराच्या दक्षिणेस बेगूर येथील नागेश्वर मंदिरात सुमारे इ. स. ८९० मधील एक हळेगन्नड शिलालेख आहे. बेंगळूरच्या लढाईत नागत्तराच्या घरचा बुट्टणसेट्टी नावाचा वीर पडला, अशी नोंद त्यात आहे. या नगरनामाचा हा अतिशय जुना लिखित पुरावा म्हणून त्या शिळेचा उल्लेख सर्वत्र होतो. अक्षरे वाचली गेली आणि त्यांविषयी मोठा वादही नाही. तरीसुद्धा स्थलनिश्चितीचा प्रश्न उरतोच. आजच्या शहराची स्थापना केंपेगौडाने १५३७ मध्ये केली, असे परंपरा सांगते. आणि त्याने हे नाव कोडिगेहळ्ळीजवळच्या एका आधीच्या गावावरून घेतले, असेही सांगितले जाते. त्या गावाला ‘हळे बेंगळूरु’, म्हणजे जुने बेंगळूर, म्हणतात. तेव्हा बुट्टणसेट्टी ज्या बेंगळूरच्या लढाईत पडला ते नेमके कोणते? शब्द निःसंशय वाचता आला, म्हणून जागा निःसंशय सापडली, असे होत नाही.

याउलट कधी शब्द अगदी अनोळखी दिसतो आणि जागा मात्र खात्रीने सापडते. २०१८ साली बेंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळ येथे आठव्या शतकातील एक वीरगळ उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील त्या लेखात कित्तय्या नावाच्या वीराच्या मृत्यूची नोंद आहे, आणि तिथल्या प्रदेशाचे नाव ‘पेर्बोळलनाडू’ असे दिले आहे. पेर्बोळल आणि हेब्बाळ यांत सामान्य वाचकाला फारसे साम्य दिसणार नाही. परंतु जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला, हा त्या भाषेचा सुविदित नियम आहे. पाल्‌चे हालु झाले, पुलीची हुली झाली; त्याच वाटेने पेर्बोळलचे हेब्बाळ झाले. शिवाय शिळा मिळाली ती हेब्बाळातच. येथे कानाला गोड लागणारे साम्य नाही. नियमाचा आणि जागेचा आधार आहे. मेलिझैगराच्या बाबतीत जे मिळत नाही ते येथे मिळते, आणि म्हणूनच एक स्थलनिश्चिती तर्क राहते व दुसरी ज्ञान ठरते.

बेंगळूरच्या नावाभोवती एक कथा फार प्रिय आहे. होयसळ राजा वीर बल्लाळ दुसरा शिकारीत वाट चुकला, एका वृद्धेने त्याला उकडलेले दाणे खायला दिले, आणि कृतज्ञ राजाने त्या जागेला ‘बेंद काळ ऊरु’, म्हणजे शिजलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव दिले. कथा लोभसवाणी आहे. एका गरीब बाईच्या अन्नदानातून महानगराचे नाव जन्मावे, ही कल्पना कोणालाही आवडेल. परंतु तो राजा बाराव्या शतकातील आणि बेगूरची शिळा त्याच्या तीनएक शतके आधीची. ‘बेंग’ म्हणजे बिबळ्याचे झाड, त्यावरून हे नाव आले, असा एक तर्क आहे. ‘बेंगावलु’ म्हणजे राखणदार, त्यांचे गाव, असा दुसरा आहे. या तर्कांना कथेची माधुरी नाही. परंतु ज्याने शिळा वाचली आहे त्याने कथेला कथा म्हणून जपावे आणि पुराव्याच्या रकान्यात तिला जागा देऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. ठिकाण ओळखणाऱ्याला अज्ञानापेक्षा अधिक भय असते ते आवडीचे. आपल्या गावाला प्राचीनता मिळावी, आपल्या वाडवडिलांचे पाऊल तिथे पडलेले असावे, या इच्छा निरुपद्रवी वाटतात. पण त्या लेखणीत उतरल्या की संदिग्ध अक्षर हवे तसे वळते.

अशा आवडीची परीक्षा मराठी वाचकालाही द्यावी लागते. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्या काळाच्या मराठी लेखनात या शहराचे नाव ‘बेंगरूळ’ असेही आढळते. ‘ळ’ आणि ‘र’ यांनी आपापल्या जागा बदललेल्या आहेत. वर्णविपर्ययाचा हा साधा प्रकार होय. नक्कल करणाऱ्याला येथे वाटेल की, ही लेखनिकाची चूक आहे, ती दुरुस्त करून ‘बेंगळूर’ लिहावे. तसे त्याने केले तर वाचकाची सोय होईल; पण त्याबरोबर एक पुरावा नाहीसा होईल. देशावरून तिकडे गेलेल्या माणसांच्या जिभेने एका कन्नड नावाला कसे वळवले, परक्या मुलखाशी त्यांची ओळख कोणत्या उच्चारांतून झाली, हे त्या तथाकथित चुकीतच साठवलेले आहे. मोडी कागदांत तर हा प्रश्न पदोपदी उभा राहतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिथे पाळला जात नाही, शब्द आडव्या रेघेखाली सलग लिहिलेले असतात, आणि वडगाव, पिंपळगाव, निमगाव अशी नावे असंख्य ठिकाणी आहेत. सुदैवाने जुना कारकून मौजे, तर्फ, परगणा, प्रांत असा पत्ता देतो. ते शब्द रुक्ष म्हणून गाळणारा संपादक गावाला त्याच्या शेजाराविना उघड्यावर सोडतो.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. एवढी सावधगिरी बाळगायची तर कोणतेच गाव ओळखता येणार नाही. वाचन जसेच्या तसे ठेवून स्थलनिश्चिती नाकारणारा माणूस स्वतः निर्दोष राहतो. पण वायुभाराचा तो आकडा निरुपयोगी राहतो, बखरीतले गाव नकाशाबाहेर राहते, आणि एखाद्या खेड्याला मिळू शकणारा एकुलता एक इतिहास कागदातच अडकून पडतो. मौन हेही नेहमी सत्याच्या बाजूचे असते असे नाही. ज्याच्याजवळ त्या मुलखाची भाषा, भूगोल आणि कागद यांचे ज्ञान आहे, त्याने चुकण्याच्या भीतीने बोलण्याचे टाळणे म्हणजे आपल्या ज्ञानाचे ऋण बुडवणे होय.

हा आक्षेप मान्य करूनही पहिली भूमिका सोडण्याचे कारण नाही. दोन प्रकारच्या चुकांत एक महत्त्वाचा भेद आहे. मूळ वाचन देऊन त्याशेजारी ‘हे अमुक गाव असावे’ असे कारणासह लिहिले आणि ते पुढे चुकीचे ठरले, तर दुसरा अभ्यासक ते मागे फिरून दुरुस्त करू शकतो. मूळ अक्षरे पुसून त्यांच्या जागी ओळखलेले गाव लिहिले, तर ती चूक चूक म्हणून ओळखण्याचा मार्गच बंद होतो. पहिला माणूस चुकला तरी त्याने पुढच्याचा हक्क राखला. दुसरा बरोबर असला तरी त्याने तो हिरावून घेतला. तेव्हा धाडस करायला मुळीच मनाई नाही; ते उघडपणे, परतीची वाट ठेवून करावे, एवढेच म्हणणे आहे. नावापुढचे प्रश्नचिन्ह हे अशा वेळी दुबळेपणाचे लक्षण ठरत नाही. आपल्यानंतर येणाऱ्या वाचकाच्या बुद्धीला दिलेला तो मान असतो.

बेंगळूरमध्येच जन्मलेल्या बी. एल. राईस यांनी संपादित केलेल्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेची रचना येथे आठवते. तिच्यात शिलालेखाचा कन्नड लिपीतील पाठ, रोमन लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर असे वेगवेगळे भाग दिलेले असतात. भाषांतर पटले नाही तर पाठाकडे जावे आणि पाठ पटला नाही तर शिळेकडे, अशी ती व्यवस्था. बेंगळूर जिल्ह्याचा नववा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर शहर वाढले, तळी बुजली, रस्ते रुंदावले, आणि त्या खंडात नोंदलेल्या कित्येक शिळा नाहीशा झाल्या. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मिथिक सोसायटीने २०२१ पासून उरलेल्या शिळांच्या त्रिमितीय प्रतिमा घेण्याचे काम हाती घेतले, त्यामागे हीच निकड आहे. जी शिळा गेली तिच्या बाबतीत आता छापील पाठ हाच एकमेव साक्षीदार. त्याने जर पाठ आणि अर्थ एकत्र कालवले असते, अस्पष्ट अक्षरे स्वतःच्या समजुतीने भरून काढली असती, तर त्याची उलटतपासणी घ्यायला आज काहीच उरले नसते. आपण करीत असलेली नक्कल उद्या मूळ ठरेल, या जाणिवेने नक्कल करणे हा या कामातला खरा धर्म आहे.

नावांचे राजकारण जेव्हा तापते तेव्हा हा धर्म पाळणे अवघड जाते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे अधिकृतपणे बदलली. ‘बँगलोर’चे बेंगळूरु झाले, तसेच बेळगावचे बेळगावी झाले, आणि ज्या गावावरून दोन भाषिक समाजांत दीर्घ वाद आहे, तिथे नावाचे प्रत्येक रूप ही एक बाजू होऊन बसते. आज काय म्हणावे, याचा निर्णय समाज, शासन आणि न्यायालये आपापल्या परीने करतील. जुन्या कागदात काय म्हटले होते, याचा निर्णय मात्र त्यांच्यापैकी कोणाकडेच नाही. मराठी पत्रातले बेळगाव बेळगावच राहिले पाहिजे, कन्नड शिळेवरचे नाव त्या शिळेवरच्या रूपातच राहिले पाहिजे, आणि इंग्रजी लॉगबुकातले सेव्हर्नड्रूगही तसेच राहिले पाहिजे. आता तर यंत्राच्या साहाय्याने हजारो पानांतील एक नाव एका आज्ञेसरशी बदलता येते. पूर्वीच्या लहियाला एक अक्षर बिघडवायला निदान एकदा लेखणी उचलावी लागत असे.

ज्यांच्या शब्दांची नक्कल करायची ती माणसे हयात नसतात. आपले म्हणणे विपर्यस्त झाले अशी तक्रार ती करू शकत नाहीत. त्यांच्याशी न्यायाने वागण्याची सक्ती कोणी करीत नाही, म्हणूनच येथे प्रश्न नीतीचा होतो. बुट्टणसेट्टी कोण होता, कसा दिसत होता, कशासाठी लढला, हे आज सांगता येत नाही. एक नाव, एक लढाई आणि एक गाव एवढेच त्याच्या वाट्याला आले आहे. ते गाव नेमके कोणते हे कदाचित कधी कळेल, कदाचित कळणार नाही. तोवर त्या दगडावर जे कोरले आहे ते तसेच पुढे देणे, आणि त्याशेजारी आपला तर्क आपल्या नावाने वेगळा लिहिणे, एवढे त्याच्यासाठी करता येण्यासारखे आहे.